उरलेल्या लाकडातून छोट्या वस्तू: आधी तुकडा धरायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फर्निचरचं काम संपलं आणि गोणीभर तुकडे उरले: काही सागाचे, काही पाइनचे, काही प्लायचे. जवळ एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या आणि हातोडी. विजेवरची यंत्रं नाहीत, घ्यायचीही नाहीत. खुंट्या, डबी, उलथनं असं काही करून पाहिलं, पण तुकडा हातातून सटकतो, काप तिरका जातो, रंधा मध्येच अडकतो. सुरुवात कुठून करावी आणि कोणते तुकडे ठेवावेत, असं तुम्ही विचारलंय.

मी २५ वर्षांहून जास्त काळ हातानंच काम करतोय आणि त्यातलं बरंचसं उरल्यासुरल्या लाकडात. तुमच्या तिन्ही तक्रारी ओळखीच्या आहेत, आणि त्यांतल्या पहिल्या दोन मुळात एकच आहेत.

लहान वस्तू म्हणजे सोपं काम, असं वाटतं. हातकामात ते उलट असतं. सहा फुटी फळी स्वतःच्या वजनानं टेबलावर पडून राहते. एक गुडघा टेकवला की तुम्ही ती निवांत कापू शकता. चार इंची तुकड्याला वजनच नसतं. करवत जरा पुढे गेली की तोही तिच्याबरोबर पुढे जातो. रंध्याला दोन हात लागतात, पटाशीलाही दोन लागतात, मग तुकडा धरायला हात उरतोच कुठे? म्हणून माणूस एका हातात तुकडा घेतो आणि दुसऱ्या हातानं हत्यार चालवतो. काप तिथेच तिरका जातो आणि जखमाही तिथेच होतात. सुरुवातीच्या दिवसांत मी डाव्या मुठीत सागाचा ठोकळा धरून त्यात खाच कोरत होतो. पटाशी निसटली ती थेट अंगठ्याखालच्या मांसात. टाके पडले आणि महिनाभर मूठ नीट वळत नव्हती. तेव्हापासून एकच नियम पाळतो: दोन्ही हात धारेच्या मागे. पटाशीच्या समोर कोणतंही बोट नको, आणि तुकडा कधीच हातात नको.

त्यामुळे तुमच्या गोणीतून पहिली वस्तू बनवायची ती बाकीचे तुकडे धरून ठेवणारी. तिला बेंच हुक म्हणतात. तिला लागतात फक्त तीन तुकडे. १८ मिमी प्लायचा साधारण २५० × १५० मिमीचा पाट घ्या. त्याच्या खालच्या अंगाला, आपल्याकडच्या कडेला, एक पट्टी चिकटवा. ही टेबलाच्या कडेला अडकते. वरच्या अंगाला, पलीकडच्या कडेला, दुसरी पट्टी. तुकडा हिच्यावर टेकतो. करवत पुढे ढकलताना जो जोर तुकड्याला पळवत होता, तोच आता त्याला पट्टीवर दाबून धरतो. डाव्या हाताला फक्त वरून दाब द्यायचा असतो.

यात दोन बारकावे आहेत. वरची पट्टी पाटाच्या पूर्ण रुंदीची नको. उजव्या हातानं कापत असाल तर उजवीकडे ३० मिमी जागा मोकळी सोडा, म्हणजे काप संपताना करवत पाटावर उतरेल, टेबलावर नाही. दुसरं, पट्ट्या बसवताना खिळे आणि स्क्रू टाळा. गोंद आणि लाकडी खुंट्या पुरतात, कारण आज ना उद्या करवत त्या पट्टीत शिरणारच, आणि खिळ्यावर घासलेले दात पुन्हा धारेला आणायचे म्हणजे दुपार जाते. तुमची करवत जपानी पद्धतीची, ओढताना कापणारी असेल तर जोराची दिशा उलटी होते. तेव्हा वरची पट्टी आपल्याकडच्या बाजूला हवी आणि पाट क्लॅम्पनं टेबलाला बांधून टाकावा.

याच पाटाची थोडी मोठी आवृत्ती म्हणजे शूटिंग बोर्ड. खालच्या मोठ्या पाटावर एक अरुंद पाट, त्यावर आडवी पट्टी. रंधा कुशीवर आडवा करून खालच्या पाटावरून सरकवायचा. तुकडा पट्टीला टेकवून केसभर बाहेर काढायचा, की त्याचं कापलेलं तोंड काटकोनात आणि आरशासारखं निघतं. करवतीचा काप थोडा तिरका गेला तरी इथे सुधारतो. माझ्या मते हातानं डबी करणाऱ्याला डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवणारा जोड) येण्यापेक्षा हा पाट जवळ असणं जास्त गरजेचं आहे. पट्टी खरंच काटकोनात आहे का, हे गुण्यावर, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्यारावर, विश्वास न ठेवता तपासता येतं. एका पट्टीचे दोन तुकडे करा, दोघांची तोंडं इथेच रंधून घ्या, एक तुकडा पालथा करा आणि दोन्ही तोंडं एकमेकांना भिडवून सपाट टेबलावर ठेवा. पट्टीची चूक जेवढी, तिच्या दुप्पट तिरकेपणा तिथे दिसतो. गुण्यालाही हीच युक्ती लागू आहे: फळीच्या सरळ कडेवरून चाकूची रेघ ओढा, गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी पुन्हा ओढा. रेघा फाकल्या तर गुण्या खोटा.

पातळ पट्ट्या रंधताना अजून एक अडचण येते, त्या मध्ये वाकतात. सपाट फळीवर ३ मिमी जाडीची, म्हणजे साधारण एक सूत जाडीची, आडवी पट्टी चिकटवा आणि तुकडा तिला टेकवून रंधा मारा. जोर नेहमी त्या अडणीच्या दिशेनं. तुकडा अडणीपेक्षाही पातळ करायचा असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं तो फळीवर बसवा.

आता दुसरी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. लहान वस्तू लहान तुकड्यात करायचीच नाही. ती लांब तुकड्याच्या टोकाला पूर्ण करायची आणि शेवटच्या कापानं वेगळी करायची.

समजा ड्रॉवरसाठी ४० मिमी लांबीची मूठ हवी आहे. नवशिका आधी ४० मिमीचा ठोकळा कापतो आणि मग त्याला गोलाई देताना बोटं सोलून घेतो. त्याऐवजी ३०० मिमीची पट्टी घ्या. तिचं मागचं टोक शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरा किंवा टेबलाला क्लॅम्प करा. पुढच्या टोकाला भोक पाडा, कडा मोडा, पटाशीनं गोलाई द्या, कानस फिरवा, पॉलिश पेपर मारा. सगळं झाल्यावर कापा आणि पट्टी पुढे सरकवून दुसरी मूठ सुरू करा. शेवटची मूठ काढायला धरण्यापुरतं लाकूड उरत नाही, ते सोडून द्यायचं. उलथन्याचंही तसंच: पात्याच्या आकाराचा तुकडा कापून बसू नका, लांब पट्टीत दांडा आणि पातं कोरून पूर्ण करा आणि दांड्याचं टोक शेवटी उतरवा.

डबीत तर ही युक्ती फारच कामी येते. झाकण वेगळं आणि डबी वेगळी करून एकमेकांवर तंतोतंत बसवणं कठीण काम आहे. म्हणून सहाही बाजूंनी बंद असा पोकळ ठोकळा चिकटवून घ्या आणि गोंद वाळल्यावर चारही बाजूंनी मार्किंग गेजची (कडेपासून ठरावीक अंतरावर रेघ मारणाऱ्या हत्याराची) खोल रेघ मारून करवतीनं झाकण कापून काढा. एका बाजूनं आरपार जाऊ नका. प्रत्येक बाजू थोडी थोडी कापत फिरत राहा. झाकण आणि डबी एकाच लाकडाची, एकाच मापाची निघतात. चार भिंती एकाच पट्टीतून क्रमानं कापल्या असतील तर लाकडाच्या रेषा कोपऱ्यांवरून वळत डबीभोवती फिरतात; जिथे पट्टीची सुरुवात आणि शेवट भेटतात त्या एका कोपऱ्यात तेवढ्या तुटतात. त्या चार तुकड्यांवर कापण्याआधी खडूनं आकडे टाका, नंतर क्रम आठवत नाही.

रंधा अडकण्याचं कारण मात्र वेगळं आहे. एक तर पातं बोथट आहे किंवा तुम्ही रेषांच्या उलट चाललात. बहुधा दोन्ही.

रेषा वरच्या पृष्ठभागावर वाचू नका, तुकड्याची बाजूची कड बघा. तिथे तंतू ज्या दिशेनं वर चढत पृष्ठभागाला येतात, त्या दिशेनं रंधा चालवा. मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं आहे ते: एका बाजूनं केस बसतात, उलट्या बाजूनं उभे राहतात. उलट गेलात तर पातं तंतूखाली शिरून ढलपी उचकटतं. उरलेल्या तुकड्यांत गाठी जास्त असतात, कारण सुतार चांगला भाग आधीच घेऊन गेलेला असतो. गाठीच्या दोन्ही बाजूंना रेषा वळतात, तिथे एकच दिशा धरून भागत नाही. पात्यावरची लोखंडी टोपी धारेच्या अगदी जवळ, अर्धा मिमीपर्यंत आणा, पातं जेमतेम बाहेर काढा आणि गाठीच्या दोन बाजूंना दोन दिशांनी जा. तुकडा कापताना गाठ वस्तूच्या मधोमध राहील असं बघा. जोडाच्या जागी किंवा खुंटीच्या भोकात गाठ आली तर तो तुकडा दुसऱ्या कामाला ठेवा.

ताकदही रेषांवरूनच ठरते. लाकूड लांबीच्या दिशेनं दणकट असतं आणि आडवं सहज फुटतं. उलथन्याचा दांडा, भिंतीवरची खुंटी, कुठलीही बारीक लांब वस्तू करताना तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेले पाहिजेत. वळणदार आकार सरळ फळीतून कापला की वळणावर तंतू आखूड पडतात आणि वस्तू नेमकी तिथेच मोडते. खात्री करायची असेल तर त्याच तुकड्याची एक काडी चिरून बघा. करवत तुमच्या रेघेनं जाते, चीर लाकडाच्या रेषेनं.

धारेबद्दल मी आग्रही आहे. पटाशी आणि रंध्याच्या पात्याला २५ अंशांचा मुख्य उतार आणि अगदी टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी, एवढं बहुतेक कामांना चालतं. आधी पात्याची सपाट पाठ धारेच्या दगडावर घासून टोकाजवळ चकचकीत करा. हे एकदाच करावं लागतं. मग उताराला काळ्या मार्करनं रंग द्या आणि दगडावर दोन-तीन वेळा ओढा. शाई कुठली गेली ते बघितलं की हात कुठे चुकतोय ते कळतं. शाई अगदी टोकापासून जायला हवी. पाठीवर बोट फिरवल्यावर टोकाला पूर्ण रुंदीभर बारीक खरखर जाणवली की धार टोकाला पोचली. मग बारीक दगड, आणि शेवटी पाठ सपाट टेकवून ती खरखर काढून टाका. परीक्षा पाइनच्या आडव्या तोंडावर घ्या, म्हणजे जिथे फळी रेषांच्या आडवी कापली जाते तिथे. मऊ लाकूड बोथट पात्याला दाद देत नाही. तंतू कापले न जाता चिरडतात आणि पांढुरकं, खडबडीत दिसतं. तिथून मेणासारखा गुळगुळीत पापुद्रा निघाला तर धार खरी. सागात सिलिका, म्हणजे वाळूतला कठीण पदार्थ, असते, त्यामुळे तो पाती लवकर बोथट करतो. सागावर काम करत असाल तर दर अर्ध्या-पाऊण तासानं दगडाकडे जायची सवय ठेवा. प्लायमधला गोंदही धार खातो, म्हणून प्लायला चांगलं पातं लावू नका.

मोजमापात पेन्सिल आणि टेप कमी वापरा. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, चाकूच्या रेघेला नसते. कापायच्या जागी चाकूनं खोल रेघ मारा, टाकाऊ बाजूनं पटाशीनं हलकासा उतार काढा; करवत त्या खाचेत आपोआप बसते आणि पहिल्या फटक्याला उडत नाही. आणि एका भागाचं माप दुसऱ्या भागावरूनच घ्या. झाकण डबीवर ठेवून रेघ मारली तर चूक होत नाही. टेपवर १४३ की १४४ असा विचार करत बसलात तर होते.

जोडांबद्दल फार खोलात जात नाही, पण गोंदाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. लाकडाचा पांढरा गोंद बाजू बाजूला चिकटवतो तेव्हा जोड लाकडाइतकाच मजबूत होतो. आडव्या तोंडाला मात्र तो टिकत नाही. तिथे तंतूंच्या उघड्या नळ्या तो शोषून घेतात. डबीचे कोपरे म्हणूनच नुसते चिकटवून भागत नाही. कोपऱ्यातून आरपार दोन-तीन लाकडी खुंट्या ठोका किंवा ४५ अंशांच्या कोपऱ्यात करवतीनं चीर पाडून पातळ पट्टी घाला. डव्हटेल शिकायचं असेल तर टाकाऊ पाइनवर शिका: मऊ लाकडाला १:६ उतार (सहा माप लांबीत एक माप तिरकेपणा), कठीण लाकडाला १:८. पहिले दहा जोड कुठल्याही वस्तूत वापरायचे नाहीत असं ठरवूनच करा. चिकटवताना क्लॅम्प नसेल तर फळीवर दोन ठोकळे बसवून मधल्या जागेत पाचर मारा. पाचरीचा दाब क्लॅम्पला तोडीस तोड असतो. दाब तासाभरानं काढता येतो, पण जोडावर जोर २४ तासांनंतरच द्या.

डबीच्या तळाबद्दल माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या एका डबीला मी सुंदर रेषांची अखंड फळी तळाला घेतली आणि चारही बाजूंनी घट्ट चिकटवली. काही महिन्यांत हवा कोरडी झाली आणि तळ मधोमध चिरला. लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत लांबीत साधारण ०.१ ते ०.३ टक्केच कमी होतं, पण वार्षिक वलयांच्या दिशेनं बऱ्याच जातींत ते ५ ते १० टक्के आकसतं. वलयांना आडव्या दिशेनं त्याच्या निम्म्याच्या आसपास. सुकलेल्या, वापरातल्या लाकडातसुद्धा २०० मिमी रुंद फळी ऋतू बदलला की २ मिमीपर्यंत हलू शकते. म्हणून तळ भिंतींमधल्या खाचेत मोकळा बसवा, गोंद लावायचाच तर दोन टोकांच्या भिंतींच्या मध्यावर एकेक थेंब. किंवा तळाला आणि वर झाकलेल्या डबीच्या माथ्याला पातळ प्लाय वापरा. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात, त्यामुळे तो जवळपास हलत नाही. तुमच्या गोणीतल्या प्लायचा हा सगळ्यात चांगला उपयोग. साग तुलनेनं कमी हलतो, पण हलत नाही असं नाही.

रंगकामात घाई करू नका. ८०, १२०, १८०, २२० असे पॉलिश पेपर क्रमानं, नेहमी रेषांच्या दिशेनं. रंध्यानं चकचकीत निघालेल्या पृष्ठभागाला तर पॉलिश पेपर लावूच नका, तो रंध्याची चमक मारतो. अन्नाला लागणाऱ्या वस्तूला शुद्ध जवसाचं तेल, पातळ हातानं, एका थराला काही दिवस वाळू देऊन. बाजारात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार असतात, ते उलथन्याला नको. आणि कृपा करून हे वाचून पुढे जाऊ नका: जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप तापून पेटू शकतं. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेल्या कापडात ती कोंडते. फडकं उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा. डबी, फोटोची चौकट यांना स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख फार छान दिसते आणि अर्ध्या तासात पुढचा हात देता येतो.

आता काय ठेवायचं आणि काय टाकायचं. आधी प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवा. मोडलेला खिळा डोळ्याला दिसत नाही, पण पात्याला सापडतो. जुना रंग लागलेलं लाकूड घासू नका, जुन्या रंगांत शिसं असायचं. हिरवट झाक असलेलं, कीड लागू नये म्हणून औषध पाजलेलं लाकूड असेल तर त्यात आर्सेनिक असू शकतं. त्याची स्वयंपाकघरातली वस्तू करू नका आणि ते जाळूही नका. माल वाहण्याच्या पेटीचं किंवा पॅलेटचं लाकूड मिळालं तर त्यावरचा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेनं निर्जंतुक केलेलं: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, किमान ३० मिनिटं. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते मी घरात आणत नाही. एमडीएफचे (लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेल्या फळीचे) तुकडे हातकामाला निरुपयोगी आहेत, खिळा धरत नाहीत आणि भुसा फार बारीक उडतो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोगजनक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, त्यामुळे पॉलिश पेपर मारताना मास्क लावाच. रंध्याच्या ढलप्यांनी एवढा त्रास होत नाही, तेही हातकाम मला आवडण्याचं एक कारण आहे.

उरलेलं सगळं तीन खोक्यांत. ३०० मिमीपेक्षा लांब तुकडे एकात; यांतूनच वस्तू निघतात, कारण ते धरता येतात. १०० ते ३०० मिमी दुसऱ्यात. हे पट्ट्या, पाचरी, डबीच्या भिंती. त्याहून लहान फक्त सागासारखं कठीण आणि सरळ रेषांचं असेल तर ठेवा, तेही चिरून करंगळीएवढ्या काड्या करून. पुढच्या डबीच्या कोपऱ्यांसाठी खुंट्या त्याच काड्यांच्या होतील.